ब्लेड धुतलं म्हणजे दाढी केली का?

अरे थांब, बस आधी, चहा नंतर टाक, आधी हे ऐक... नाही रे, टकलाचं नंतर विचार, टकलाचं काय एवढं, केस येतील परत, तू ऐक तर! आज सकाळपासून मी आमच्या अख्ख्या मढ गावात 'सुतकात दाढी करणारा माणूस' आहे. मढमध्ये काय, संध्याकाळपर्यंत ओतूरला पोचलं असेल, जीपवाल्यांना असलं काही मिळालं की झालं. आणि मी दाढी केली नव्हती! देवाशप्पथ नव्हती केली! मी फक्त ब्लेड धुतलं होतं. आता तू मला सांग, तू शिकलेला माणूस आहेस, ब्लेड धुतलं म्हणजे दाढी केली असं होतं का?

थांब, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तू पण त्यांच्यासारखाच बघशील.

आमचे तात्या गेले ना. भिमाजीतात्या, माझे मोठे चुलते. पप्पा गेल्यावर सुट्ट्या सगळ्या मी मढलाच काढल्या, तात्यांच्या मागे मागे. दाढी करायला पण मला त्यांनीच शिकवली. म्हणजे शिकवायला दाढी पाहिजे ना! माझी दाढी तुला माहितीये, एप्रिलमध्ये आमच्या डोंगरावर जेवढं गवत असतं तेवढी, इथे एक काडी, तिथे एक काडी, मधे नुसतं रान. पण तात्या हनुवटी धरून उजेडाकडे फिरवून म्हणायचे, "येतीय, येतीय. जमीन बरी हाय." आणि ओतूरच्या बाजारातून मला एक दाढीचं मशीन आणून दिलं, त्यांच्यासारखंच, स्टीलचं, खालची दांडी फिरवली की वरचं झाकण सुटतं आणि मधे दोन धारांचं ब्लेड.

आणि तुला सांगतो, दाढी शिकवली पाच मिनिटांत, पण ब्लेड धुवायला शिकवायला अख्खी दिवाळीची सुट्टी घेतली माणसानं! "दांडी ढिली कर. पार काढू नगंस, ढिली कर. आता पान्याच्या धारंखाली धर. आता पलटी. आता झटक... आरं हळू, पाल झटकतोय का! पुसायचं न्हाई! टावेलानं पुसलं की धार जाती आन टावेलबी जातो. वाऱ्याला ठेव. सुकलं की खोबरेलाचं नुसतं बोट." एक ब्लेड ते इतके दिवस चालवायचे, दुकानदार विचारायचा तात्या, दाढी ठेवलीय का? आणि रोज चकचकीत गाल! मी पुण्यात व्हिडिओ बघतो ना, ते फॉरेनचे लोक दाढीवर तासतास बोलतात, सगळं तेच सांगतात रे, फक्त तात्या हे ओट्यावर उकिडवे बसून सांगायचे, आणि मधेच म्हशीला ओरडायचे.

तर. त्या दिवशी सकाळी तात्यांनी दाढी केली, मशीन ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलं, "जरा बसतो" म्हणाले, बसले, आणि गेले. एवढंच. गोरखदादाचा, म्हणजे त्यांच्या मुलाचा फोन आला, मी एसटी गाठायला निघालो, मॅनेजर म्हणतो, "अंकल? म्हणजे सख्खे अंकल?" म्हटलं नाही, भाड्याचे! असं म्हटलं नाही, मनात म्हटलं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ती इथेच राहिली, मी एकटा गेलो.

आणि मला काहीच होईना रे. सगळे रडत होते. गोरखदादा एवढा पैलवान गडी, खांबाला धरून रडत होता. बायकांचा तर विचारू नको. आणि मी असा उभा, पाण्यात बुडी मारल्यावर कसे कान बंद होतात ना, तसं. लोक तोंड हलवतायत, मी मान हलवतोय. कुणीतरी म्हणालं, "रड बाळा, मोकळं व्हशील." अरे पण आलं पाहिजे ना! नळ सोडलाय, पाणीच नाही, मी काय करू?

मग राख सावडून आलो, हातपाय धुवायला ओट्यावर गेलो आणि कोनाड्यात ते मशीन दिसलं. साबण वाळून पापडी झालेली. दांडी घट्टच. आणि धारेला पांढरे केस चिकटलेले, तात्यांचे. आणि एका कोपऱ्याला गंज, कारण श्रावणात मढला काय हवा असते तुला माहिती नाही, भिंतीला हात लावला तरी ओला होतो, काडेपेटी पेटत नाही, ब्लेडला तर रात्रीत तांबेरा चढतो. आणि मला त्या सगळ्या दिवसांत एकच गोष्ट वाटली, एकच, की तात्यांनी ब्लेड न धुता ठेवलं. तात्यांनी!

मग मी धुतलं. दुसरं काय करणार? दांडी ढिली केली, धारेखाली धरलं, पलटी, झटकलं, वाऱ्याला ठेवलं. पुण्यात मी स्पिरिटमधे बुडवतो, इथे कुठलं स्पिरिट, कोरोनातली सॅनिटायझरची अर्धी बाटली होती कपाटावर, त्यातलं ओतलं. वर खोबरेल. मस्त चमकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर परत कोपऱ्याला लाल! म्हणून परत धुतलं. तिसऱ्या दिवशी परत. मला दुसरं काही येतच नव्हतं तिथे. भाकऱ्या येत नाहीत, जागरणाची भजनं येत नाहीत, रडता येत नाही. ब्लेड धुता येतं. धुतलं. ब्लेड धुतलं म्हणजे दाढी केली असं होतं का?

आणि एके सकाळी मी तिथे उकिडवा बसलोय, एका हातात ओलं ब्लेड, शेजारी खोबरेलाची बाटली, अंगाला सॅनिटायझरचा वास, आणि नेमकं त्याच दिवशी अंगठा कापलेला, आणि तोच अंगठा गालाला लावून मी कुठेतरी बघत बसलेलो, म्हणजे गालावर रक्ताची रेघ... आणि समोर गेणूआबा!

गेणूआबा म्हणजे भावकीतले सगळ्यात मोठे. सुतकाचे फौजदार. कुणी पायात चप्पल घातली, कुणी गादीवर टेकलं, कुणाच्या घरात फोडणीचा वास आला, आबांना गल्लीच्या तोंडाशी कळतं. तुला माहितीये ना, सुतकात भावकीतल्या गड्यांनी दहाव्यापर्यंत दाढी करायची नाही, तेल लावायचं नाही. आबांनी माझ्याकडे बघितलं. ब्लेडकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. गालाकडे बघितलं. मग जवळ येऊन... हुंगलं!

"काय रं पुणेकर. दाढी झाली व्हय?"

म्हटलं, "नाही आबा, ब्लेड धुतोय."

"आन त्याल?"

"ब्लेडला लावतोय."

"ब्लेडला. आन ह्यो वास?"

"ब्लेडला लावलंय."

"आन रगात?"

"ब्लेड... आबा, अंगठा कापला!"

"अंगठ्याची दाढी करत व्हतास?"

म्हटलं आबा, कापायला मला दाढीच नाही, बघा ना, हात लावून बघा! आणि त्यांनी लावला रे. असा उलटा हात गालावरून फिरवला, आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा! लोण्यावानी! आत्ताच केलीय!"

म्हटलं, "आबा, माझी अशीच असते!" तर म्हणतात, "ठीक हाय. मंग वाढीव. दहाव्यापत्तोर समद्यांची वाढंल. तुजी वाढली तर मी तुजी माफी मागंन. न्हाई वाढली तर काय समजायचं ते भावकी समजंल."

तू न्याय बघ! म्हणजे माझी अख्खी इज्जत आता माझ्या हनुवटीवर! आयुष्यात पहिल्यांदा रे, मी आरशासमोर उभा राहून गालाला विनवण्या केल्या. खोटं नाही सांगत. भावकीतले सगळे दिवसेंदिवस अस्वलासारखे व्हायला लागले, गोरखदादाचे तर डोळेच दिसेनात, आणि मी मधे आपला धुतलेल्या वांग्यासारखा. जो येईल तो आधी तात्यांच्या फोटोला हात जोडणार, मग माझ्या गालाकडे बघणार. आणि तरी मी रोज सकाळी ब्लेड धूत होतो. अरे सोडू कसं? रोज गंज चढतोय! मी धुवायचं थांबवलं तर 'आता भिऊन थांबला', धुतलं तर 'आजबी केली'. काकी, म्हणजे तात्यांची बायको, साळुबाई काकी, आत भिंतीला टेकून बसलेली असायची, कुणाशी बोलत नव्हती. पण मी ओट्यावर बसलो की ती बघायची. एकदा खोबरेल संपलं तर उठून आतून दुसरी बाटली आणून माझ्याजवळ ठेवली.

तर आज दहावा. धरणाच्या कडेला, पाण्यापाशी. तुला आमच्याकडचे दहावे माहिती नाहीत, मंडप, खुर्च्या, साउंड सिस्टिम, झाडाला बांधलेला कर्णा, आधी प्रवचन आणि मग पुढाऱ्यांची श्रद्धांजली. पुढारी तीन होते. तिघांना पुढचे दहावे गाठायचे होते, सगळं भाषण घड्याळाकडे बघून, "तात्यांच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी," आणि एकानं तर तात्यांच्या जागी भलत्याच माणसाचं नाव घेतलं, तो बहुतेक आळे गावचा, आधी उरकलेल्या दहाव्यातला. आणि कर्णा असा बेंबीच्या देठापासून ओरडतोय की धरणाचं पाणी हलतंय!

एका बाजूला आमचं मुंडण चाललेलं. न्हावी माझ्यापाशी आला, डोकं केलं झटपट, मग वस्तरा गालाजवळ आणला, थांबला, गाल असा फिरवला, तसा फिरवला आणि मोठ्यानं म्हणाला, "ह्येची करू काय? ह्येची तर झालेलीच हाय!"

झालं! अख्खी रांग वळली. आबांनी नुसती मान डोलवली, कोर्टात निकाल लागल्यावर वकील डोलवतो तशी.

मग पिंड ठेवला. पत्रावळीवर भात, भजी, जिलबी, तंबाखूची पुडी, कपात चहा, सगळं तात्यांच्या आवडीचं. आणि सगळे मागे सरकलो, कावळ्याची वाट बघत. कावळे होते रे! समोर विजेच्या तारेवर, ओळीनं. पण एक खाली येईना. गोरखदादा हात जोडून पुढे झाला, "तात्या, आईला जपीन." कावळे गप्प. "तात्या, समृद्धीला लई शिकवीन, तिला म्हणंल तिथं पाठवीन." समृद्धी त्याची पोरगी, ती मागे रडायला लागली. एका कावळ्यानं पंख खाजवला, बस. मग कुणी काय, कुणी काय... म्हशीला विकणार नाही, विहिरीचा गाळ काढतो. शेवटी गेणूआबा पुढे झाले. आबांच्या आणि तात्यांच्या बांधाचं भांडण माझ्या जन्माच्या आधीपासूनचं. आबा हात जोडून म्हणाले, "भिमाजी, बांधाचं मनात धरू नगंस. मी एक वीत मागं सरतो!"

सगळे थक्क. आबा स्वतः थक्क! आणि तारेवरच्या कावळ्यानं काय करावं? पाठ फिरवली! आबांचा चेहरा असा उजळला, "बघा! बघा! बांधाचं न्हाई त्येच्या मनात!"

मग तात्यांच्या मनात काय अडलंय ते वेगळं सांगायची गरजच नव्हती. तीनशे माणसं वळून माझ्या गालाकडे बघायला लागली.

मी म्हटलं, "अहो, तो ओरडणारा कर्णा बंद करा, त्याला घाबरतायत ते!" कोण ऐकतंय! तिकडे निवेदक सुरूच, "कावळा शिवत नाहीये, उपस्थितांनी शांतता राखावी," हे तो कर्ण्यातून ओरडून सांगतोय! गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करू, शास्त्रात सोय आहे. आणि बायकांतून काकी बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "न्हाई. खरा कावळा शिवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई. घास घ्यायची न्हाई." आणि काकीला शुगर आहे रे, कालपासून पोटात काही नाही, गोरखदादा तिच्या पाया पडतोय, ती नुसती तारेकडे बघतेय. ऊन वर आलेलं. माणसं कुजबुजायला लागली, टोमॅटोवाले नारायणगावच्या बाजाराला जायला उठायला लागले. तात्यांना असं अर्धवट ठेवून उठायला लागले!

मी काकीजवळ गेलो. ती माझा हात धरून म्हणते, "बाळा, चुकलो म्हण की."

म्हटलं, "काकी, तुला माहितीये मी काय करत होतो."

"ठावं हाय रं. मी रोज बघितलंय. पर त्येंला भूक लागली आसंल."

आता बोल! तेवढ्यात आबांनी निवेदकाच्या हातातला माइक काढून माझ्या तोंडाशी धरला. म्हटलं, "माइक कशाला?" तर, "मोठ्यांदा बोल, भिमाजीला कमी ऐकू यायचं!"

आणि मला काही वाटत नव्हतं. राग नाही, लाज नाही, काही नाही. टक्कल थंड पडलेलं, एवढंच जाणवत होतं. मी म्हटलं, "तात्या... मी सुतकात दाढी केली. चुकलो."

ते कर्ण्यातून गेलं, समोरच्या डोंगराला आपटलं आणि परत आलं. "केली... केली... चुकलो... चुकलो..."

आणि सगळं चिडीचूप. निवेदकाच्या हातात माइक नाही, साउंडवाला पोरगा माझ्याकडे आ वासून बघतोय, सकाळपासून पहिल्यांदा तो कर्णा गप्प! आणि मग तो कावळा आला. तारेवरून उतरला, दोन उड्या मारल्या आणि भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!"

अरे, आवाज बंद झाला म्हणून आला तो! साधी गोष्ट आहे! पण कुणाला सांगू? काकीनं हात जोडले, डोळे मिटले, गोरखदादानं तिच्या तोंडाला पाणी लावलं. ती प्यायली. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "झालं. मोकळा झालास. कावळा खोटं बोलत न्हाई." म्हणजे माझ्या खोट्यावर कावळ्यानं सही केली! आता मी वर्तमानपत्रात जाहिरात दिली तरी उपयोग नाही.

आणि पंगतीत कुणी रागावलं नाही रे, तो अजून त्रास. सगळे समजूत घालतायत. "आसू दे, शहरात राहिल्यावर व्हतं आसं." "पोर हाय, चुकलं, पर मन मोठं हाय." आणि माझ्या शेजारचा एक पावणा माझ्या कानाशी येऊन, "पर ब्लेड कंच्या कंपनीचं वापरता? लई साफ येतीय, कायच मागं ठेवत न्हाई!" गोरखदादानं आबांना हळूच विचारलं, "आबा, त्या एक वीत बांधाचं?" आबा म्हणतात, "त्येच्यावर कावळा आला का? न्हाई ना? मंग भिमाजीला नको आसंल."

निघताना काकीच्या पाया पडलो. ती जेवली होती. हनुवटीला हात लावून बोटं कडाकडा मोडली, म्हणाली, "येत जा." मी म्हटलं येतो. बस. जीपनं आळेफाटा, तिथून एसटी, खिडकीपाशी बसलो, म्हटलं आता तरी येईल रडू, आता कुणी बघत नाही. नाही आलं. चाकणपर्यंत वाट बघितली. मग ट्रॅफिकच लागलं.

आणि आता हे असंच राहणार, तुला सांगतो. भावकीत पुढे कुणाचाही कावळा अडला की पहिला फोन मला येणार, "पुणेकर, ह्या टायमाला काय केलंस?" लग्नाचं बघायला गेलो तर मुलीचा मामा विचारणार, "त्ये सुतकातले तेच का?" मी म्हातारा होईन, दाढी तेव्हाही येणार नाही, आणि लोक म्हणतील, शाप लागला. ब्लेड धुतलं म्हणजे दाढी केली असं होतं का? मढमध्ये होतं. ठरलंय आता, कावळ्यानं ठरवलंय.

असं बघू नको. तूच सांग. काकी उपाशी, आबा समोर, कावळा तारेवर... तू काय केलं असतंस? खरं सांग रे, घाबरू नको, इथे माइक चालू नाहीये.